दाजी, ती उडी आणि ते इंजेक्शन

दाजी,

उद्या तुमचा तेरावा. जेवणं उरकली की तुमचे थोरले भाऊ आबा आणि मार्केटातली पंधरा-वीस माणसं बसस्टॉपजवळच्या त्या दवाखान्यात जाणार आहेत. तुम्हाला पाणी भरलेलं इंजेक्शन टोचलं म्हणून त्या डॉक्टरला जाब विचारायचाय त्यांना. पाठीवर पोती वाहणारी माणसं जाब कसा विचारतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण त्या डॉक्टरनं तुम्हाला इंजेक्शन दिलंच नव्हतं. तुम्ही त्याच्या दारातून परत फिरलात. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातले तुम्ही गेलात.

दुकानाचं शटर अर्धं ओढून भरदुपारी लिहीत बसलोय. पुढ्यात एका बाईंचा टीव्ही उघडून ठेवलाय. कोणी डोकावलं तर मी कामात आहे असं वाटायला हवं. खरं सांगायचं तर सोल्डरिंगची कांडी हातात धरवत नाही. बाहेर कुणी स्कूटर थांबवली तरी वाटतं, आबाच आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मेव्हणं, भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस!" रोज एकदा तरी ही म्हण मला ऐकवल्याशिवाय तुमचा चहा गळ्याखाली उतरत नव्हता.

बायकोचा भाऊ म्हणजे हक्काचं चेष्टेचं गिऱ्हाईक, हे आपल्याकडे ठरलेलंच. त्यात मी असा. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारा, जिना उतरताना कठडा न सोडणारा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून पोट भरणारा आणि तरी शॉकला घाबरणारा. साताऱ्याकडून मला वाशीला आणलंत ते तुम्ही. अकरावीत नापास झालो होतो, वडील बोलत नव्हते. तुम्ही गावी आलात, माझी पिशवी भरलीत आणि म्हणालात, "चल. तुझी आक्का तिथं एकटीच बडबडत असती, तिला ऐकायला कोणतरी पायजे." एका खोलीत तुम्ही दोघं, पोरगी आणि मी. चार वर्षं राहिलो. माझं अंथरूण कोणी कधी बाहेर काढलं नाही. याबद्दल तुम्हाला कधी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही त्याचीही चेष्टा केली असतीत.

तुमचं काम पेट्या ठोकायचं. फळबाजारात आंब्याचा हंगाम आला की तुमच्या हातोडीला उसंत नसायची. तोंडात खिळे धरून तुम्ही बोलायचात, आणि तरी प्रत्येक शब्द कळायचा. ती गाडी आपल्याला मिळाली तीसुद्धा अशाच एका हंगामात. कुण्या व्यापाऱ्याच्या पोरानं दुबईहून आलेला रिमोटचा ट्रक आपटून मोडला होता आणि तुमच्या फळ्यांच्या ढिगावर फेकला होता. तुम्ही तो पिशवीत घालून दुकानात आणलात. "बाळू, ह्याच्यात जीव हाय का बघ." हाताएवढाले चार टायर, मधे चिमुकला सांगाडा. तीन संध्याकाळ मी त्यात डोकं घातलं. एक तार तुटली होती आणि रिमोटमधला क्रिस्टलचा खडा सैल झाला होता, एवढंच. दुकानाच्या फरशीवर तो पहिल्यांदा उडाला आणि थेट तुमच्या नडगीवर आपटला. तुम्ही ओरडलात, "अगा गा गा, खोंड हाय हे!" तेव्हापासून त्याचं नाव खोंड.

आक्कानं कपाळाला हात लावला होता. "चाळिशीला आलेला गडी आणि खेळण्यातली गाडी! बसल्या जागी रिमोट दाबायचा. उंटावरनं शेळ्या हाकायच्या म्हणतात ते हेच." तुम्ही म्हणालात, "शेळ्या न्हाईत, खोंड हाय."

सपाट जमिनीवर गाडी पळवण्यात तुमचं मन दोन रविवारही रमलं नाही. तुम्हाला ती उडवायची होती. मग तुम्ही मोडक्या पेट्यांच्या फळ्यांचे चढ बांधायला लागलात. पहिला चढ विटांवर टेकवलेली एक फळी होती. पुढे पुढे तुम्ही पाचरी मारून फळ्यांना बाक आणायला लागलात, वर मुरूम टाकून तो चोपायला लागलात. खोंड चढावरून निघायचा, हवेत नाक वर करून क्षणभर थांबल्यासारखा दिसायचा, आणि मी डोळे मिटायचो. खरंच मिटायचो. दणका ऐकू आला की उघडायचो. बॅटरी तीन तास चार्ज करायची आणि गाडी दहा-बारा मिनिटं पळायची. तेवढ्या दहा-बारा मिनिटांसाठी तुमचा सगळा रविवार जायचा.

तळवलीच्या जना पाटलांनी त्यांची पडीक जागा आपल्याला वापरायला दिली ती तुमच्या तोंडाळपणामुळे. पाटील बांधावर बसून तमाशा बघायचे. "हनमंता, या जागेन आमी भात पिकवाचो. आनी तुमी इथं गारी उरवताव!" बोलायचे असं, पण दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. हळूहळू आणखी सात-आठ जण आले. कुणाचा भाऊ आखातात, कुणाचा मामा जहाजावर. त्यांच्या गाड्या चकचकीत, आपला खोंड ठिगळांचा. पण उड्या तुमच्या. लोक तुम्हाला विचारूनच गाडी सोडायचे.

तुमची पद्धत कोणालाच पटायची नाही, मला तर अजिबात नाही. मुरूम चोपायला तुम्ही चपला काढायचात. चढाच्या टोकापासून खालपर्यंत अनवाणी, टाच दाबत दाबत चालायचात, जिथं पाय खचेल तिथं अजून माती. मी धुम्मस घ्या म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "मऊ जागा पायाला कळती रं, डोळ्याला न्हाई कळत." आणि या पद्धतीसाठी आपला एकच नियम होता. फळी मुरमाखाली घालण्याआधी तिचे सगळे खिळे उपटायचे, डब्यात टाकायचे. ते काम माझं. तुम्ही ठोकणारे, मी उपटणारा. पकड हातात घेऊन मी एकेक फळी उलटीसुलटी करून बघायचो, बोट फिरवायचो. कशातच एवढा चोख नव्हतो मी.

शेवटच्या उडीवरून आपलं महिनाभर वाजलं. तुम्हाला दोन चढ हवे होते, एकमेकांकडे तोंड केलेले, मधे चार हात मोकळी जागा. एकावरून उडायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर उतरायचं. मी म्हणत होतो, उतरायची बाजू लांब करा, दुप्पट लांब, म्हणजे गाडी चुकली तरी घसरत खाली येईल. तुम्ही म्हणालात, "एवढं लांब केलं तर त्यात गंमत काय राहिली? मग पाळण्यातच घाल की खोंडाला." मी चिडून म्हणालो होतो की मोडायला सगळ्यांना येतं, जोडायला मलाच बसावं लागतं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणालात, "बरं, दीडपट." मी म्हटलं दुप्पट. तुम्ही निघून गेलात. त्यावर आपलं ठरलंच नाही, दाजी. चढ झाला, उतार तसाच राहिला.

त्या रविवारी तुम्हाला घाई होती. पाऊस सुरू झाला की मुरूम वाहून जाणार, त्याआधी एकदा तरी खोंड पलीकडे उतरलेला बघायचा होता. ऊन रणरणत होतं. पाटील टोपलीतून माती ओतत होते, मी फळ्या साफ करून देत होतो, तुम्ही हाका मारत होतात, "दे, दे, दे की लवकर!" आणि मी एक फळी न उलटता दिली. एकच. बोट फिरवायचं राहिलं, का फिरवलं आणि लागलं नाही, आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली, पण आठवत नाही. फळी माझ्या हातातून गेली एवढं नक्की. तासाभरानं तुम्ही चोपत चोपत वर निघालात आणि मधेच एका पायावर उभे राहिलात.

गंजका खिळा, दोन पेरं आत. तुम्ही स्वतःच पाय उचलून काढलात. रक्त फारसं आलं नाही. मी पांढरा फटक पडलो होतो, आणि तुम्ही मलाच धीर देत होतात. "अरं, पेट्या ठोकणाऱ्याच्या पायात खिळा न्हाई जाणार तर कुणाच्या जाणार? असले शंभर गेले." पाटलांनी कुठलासा पाला चुरगळून लावला. ते म्हणाले, "इंजेक्सन घे रे हनमंता, गंजेल खिला हाय." मीही मागे लागलो. एवढा मागे लागलो की तुम्ही कंटाळून बसमध्ये चढलात.

बसस्टॉपजवळचा तो दवाखाना उघडा होता. बाहेर बाकावर दोन बायका आणि एक म्हातारे बसले होते. आत पडदा. पडद्याखालून डॉक्टरच्या तपकिरी सँडल दिसत होत्या. त्याचं तेवढंच दर्शन मला घडलंय. उद्या माणसं ज्याच्या अंगावर जाणार आहेत, त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. तुम्ही दारात उभे राहिलात, आत पाहिलंत आणि म्हणालात, "केवढी लाईन! रात्र व्हायची इथं. चल घरी." मी म्हटलं, आक्का विचारेल. तुम्ही म्हणालात, "सांग घेतलं म्हणून. न्हाईतर ती रविवार बंद करील. मग तुझा खोंड बस घेऊन उशाला."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. भित्र्या माणसाचं तेवढं एक काम असतं, नाही म्हणायचं. पण रविवार बंद होईल याची भीती मला खिळ्यापेक्षा जास्त वाटली. त्या पडीक जागेत मला कोणी भागूबाई म्हणत नव्हतं. तिथं मी रिमोटवाले बाळासाहेब होतो. आणि हे खरंय दाजी, तुम्ही मला सोडून बाकी कुणाबरोबर एवढं खेळत नव्हतात, त्याचाही मला माज होता.

म्हणून जिन्यात मी माझ्या पिशवीतून कापूस काढला. रिमोटचे पॉईंट पुसायला ठेवतो तो. पांढऱ्या चिकटपट्टीनं तुमच्या दंडावर चिकटवला. वर खाली बघत, चोरासारखे, दोघंही हसत होतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत आपल्याला हसू आवरत नव्हतं. गेले बारा दिवस मला तेच हसू ऐकू येतंय.

आक्कानं तुमचा पाय बघितला, मग दंड बघितला. तुम्हाला काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळू, तू सांग. घेतलं का इंजेक्शन?"

मी म्हटलं, "घेतलं गं. माझ्यासमोर. त्या बसस्टॉपजवळच्या दवाखान्यात."

दवाखान्याचं नाव-गाव सांगायची काही गरज नव्हती. खोटं खरं वाटावं म्हणून वर ठेवलं, भातावर तुपाची धार सोडतात तसं. आक्का म्हणाली, "मग ठीक हाय," आणि हळद गरम करायला गेली.

आठ दिवस तुम्ही ठणठणीत होतात. नवव्या दिवशी सकाळी भाकरी चावेना. जबडा अवघडला म्हणालात, थंड पाण्यानं असेल म्हणालात. दुपारी मान वळेना. मला दुकानात निरोप आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मला कळलं होतं, दाजी. बाकी कोणालाही कळायच्या आधी मला कळलं होतं आणि मी जिन्यात पाय न उचलता उभा राहिलो होतो.

इस्पितळात तुम्हाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड नको, आवाज नको. बाहेर नुसती ट्रॉली खडखडली तरी तुमची पाठ कमानीसारखी वर उचलायची आणि दात आवळलेले असायचे. मी दाराबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाया पडायचो, चपला काढा, हळू चाला. डॉक्टरांनी विचारलं, "खिळा लागल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं का?" आक्का म्हणाली, "घेतलं की. हा होता बरोबर." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आबा माझ्या मागे उभे होते, आमच्या सगळ्यांत धिप्पाड माणूस. मी मान हलवली. डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले, "मग एवढं कसं काय..." तेवढं आबांनी धरलं. त्या क्षणापासून त्यांच्या डोक्यात तो बसस्टॉपजवळचा दवाखाना.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना जिन्यात एकटं गाठलं. तोंड उघडलं. आणि विचारलं काय, तर "पाण्याचा चमचा पाजू का?" ते नाही म्हणाले आणि गेले. खरं सांगितलं असतं तर औषधात काही फरक पडला असता का, मला माहीत नाही. आजही जाऊन विचारता येईल. जात नाही. फरक पडला असता म्हणाले तर?

तुम्ही माझ्याकडे शेवटचं पाहिलंत ते लिहिणार होतो, पण लिहवत नाही. बोलता येत नव्हतं तुम्हाला. तुम्ही मला सांगून टाक म्हणत होतात की गप्प राहा म्हणत होतात, हे मी बारा दिवस ठरवतोय. मला सोयीचं तेच मी ऐकलं.

उद्या मी काय करणार आहे, दाजी? सांगितलं तर आबा मला जिवंत ठेवणार नाहीत, आणि ठेवलं तरी आक्का ठेवणार नाही. नाही सांगितलं तर तपकिरी सँडल घातलेला एक माणूस उद्या दुपारी मार खाईल, दवाखाना फुटेल. त्यालाही बायको असेल. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळतं. पण आजचा दिवस तरी झाकलेलं राहावं असं वाटतं. शटर आणखी खाली ओढतो.

*

इथवर काल लिहिलं होतं. आज तुमचा तेरावा झाला. आता लिहितोय तो तळवलीला, आपल्या अर्ध्या उडीजवळ बसून. दुसरं कुठं जाऊ कळेना.

सकाळी मी आक्काला स्वयंपाकघरात गाठलं. बायका गॅलरीत भाजी चिरत होत्या. आक्का एकटीच पीठ मळत होती. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दारातून परत फिरलो, कापूस मी लावला, तुला खोटं सांगितलं, इस्पितळातही मान हलवली. बोबडी वळली होती, दोनदा सुरुवातीपासून सांगावं लागलं.

ती मळायची थांबली नाही. पिठाकडे बघतच म्हणाली, "मी त्या कापसावर हात ठिवून विचारलं हुतं, दुखतंय का म्हणून."

"हो."

"तर म्हणाले, मुंगी चावल्यागत झालं." हात पिठात तसेच ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तू तिथंच हुतास."

"हो."

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "भाईर बोलू नगंस."

मला कळलंच नाही. ती म्हणाली, "आबा जीव घेतील तुझा. नवरा गेला, आता भाऊ घालवू व्हय? गप बस. मी कुणाला सांगणार न्हाई."

"आणि आक्का, तो डॉक्टर?"

"तो माझा कोण लागतो?"

दाजी, सुटलो होतो मी. माझ्या बहिणीनं मला सोडवलं होतं. पदराआड घेतलं होतं, लहानपणी वडील मारायला धावले की घ्यायची तसं. मला फक्त मान हलवायची होती, आणि ते काम मला जमतं. पण या वेळी हलवली तर पुढे जन्मभर आक्कालाही माझ्याबरोबर हलवत राहावी लागली असती. एवढं एक मला त्या घटकेला कळलं. कसं ते सांगता येणार नाही. धैर्य-बिर्य नव्हतं. मी दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत गेलो.

जेवणं व्हायची होती. माणसं भिंतीला टेकून बसली होती, आबा मधे. मी म्हटलं, "आबा, त्या डॉक्टरनं दाजींना इंजेक्शन दिलंच नव्हतं. आम्ही आत गेलोच नाही. मी खोटं बोललो." पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही. "काय म्हंतोस?" मी पुन्हा सांगितलं, कापसासकट सांगितलं. खिळ्याची फळी मी दिली होती हेसुद्धा सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं तरी.

आबांनी एकच मारली. मी दाराच्या चौकटीवर जाऊन आपटलो, ओठ फुटला. दुसऱ्यांदा हात उगारला आणि तो वरच राहिला. मग ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "अरं, मी त्या माणसाचे हातपाय तोडायला निघालो हुतो रं." बाकीचे कोणी माझ्याकडे बघेनात. तेराव्याचं विधीचं जेवण, ते जेवले. दवाखान्यात कोणी गेलं नाही. मला कोणी पान मांडलं नाही, आणि मी थांबलोही नाही.

चपला घालत होतो तेव्हा आक्का जिन्यापर्यंत आली. पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, नको सांगितलं असताना बोललास म्हणून आता तोंड बघणार नाही म्हणेल. मी खाली बघत उभा राहिलो.

ती म्हणाली, "तुला त्यांचं खरंच ठावं नव्हतं?"

"काय?"

"सुईचं. गावात टोचणारी माणसं आली की कणगीत लपून बसायचे म्हणं, सासूबाई सांगायच्या. पोरीला डोस द्यायला नेलं तरी हे दवाखान्याच्या भाईर उभे. सुई दिसली की हातपाय गार पडायचे त्यांचे. बावीस वर्षांत मी कुणाजवळ बोलले न्हाई. एवढा मोठा गडी, लोक हसले असते." मग भिंतीला हात टेकून म्हणाली, "म्हणून तर त्यांना न्हाई विचारलं त्या दिवशी. तुला विचारलं."

तेवढं बोलून ती आत गेली. ये म्हणाली नाही, येऊ नकोस असंही म्हणाली नाही.

लाईन नव्हतीच, दाजी. तिघंच होते बाकावर, आणि मी ते मोजलं होतं. तुम्ही दारात उभे होतात, तुमचा एक हात चौकटीवर होता, आणि मी तुमच्या शेजारी असून तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, कारण तुम्हाला कशाची भीती वाटेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. जन्मभर दुसरं काही शिकलो नाही मी. कोणाचे ओठ कोरडे पडतात, कोण उगाच मोठ्यानं बोलतं, कोण घाई आहे म्हणतं, मला लांबून कळतं. तुमचं कळलं नाही.

तुम्ही मला सांगायचं होतं हो. एकदा सांगायचं होतं, "बाळू, मला भ्या वाटतंय." मी हसलो नसतो. तुमचा हात धरून पडद्याआड घेऊन गेलो असतो, आणि ते सुई टोचेपर्यंत आपण दोघांनीही डोळे मिटून घेतले असते.